टप असावा की नसावा?

मैत्रिणींनो, घरात वाद कशावरून होत नाहीत? आमटीत गूळ घालावा की नाही इथपासून ते गणपती दीड दिवसांचा की पाच दिवसांचा इथपर्यंत सगळे वाद आमच्या घरानं पाहिले आहेत. पण गेल्या डिसेंबरात निडीच्या घरी जो वाद झाला तो मात्र जगावेगळा होता. वादाचा विषय होता मोटारीचा टप! तो ठेवायचा की काढून टाकायचा?

हसू नका. या टपापायी दोन सख्खे भाऊ दोन दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि पोपटीचं मडकं लागायच्या वेळेला सुद्धा एक ओटीवर अन् दुसरा परसात, अशी परिस्थिती होती. शेवटी वाद मिटवला तो अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या सासूबाईंनी. तो कसा, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

आधी निडीबद्दल सांगते, कारण पुष्कळांना हे गाव नकाशात कुठं आहे तेही ठाऊक नसतं. दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पकडली की पनवेलनंतर एकेक छोटी स्टेशनं येतात. सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, मग पेण, कासू, नागोठणे, आणि रोह्याच्या आधीचं शेवटचं स्टेशन ते निडी. रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ साली. त्याआधी आमच्याकडे यायचं म्हणजे एस.टी. नाहीतर स्वतःची गाडी. पुढं रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली आणि १९९८ मध्ये ती थेट मंगळूरकडे जोडली गेली, पण लांबच्या गाड्या निडीकडे ढुंकूनही न बघता धडधडत निघून जातात. थांबते ती आपली लोकलच. उतरणारी माणसं चार, आणि त्यातली दोन आम्ही!

डिसेंबरातला हा प्रवास मला फार आवडतो. पनवेल सुटलं की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, मग पाताळगंगा. हमरापूरच्या बाजूला घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडतात. श्रावण-भाद्रपदात तर तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण थंडीतही पांढऱ्या, रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा नजरेला पडतात. पेण आलं की डब्यात पोह्यांच्या आणि पापडांच्या पिशव्या चढतात. नागोठण्याला अंबा नदी. आणि तिथून पुढं डोंगर जवळ येतात, भात कापून मोकळी झालेली खाचरं दिसतात, आणि त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर वालाची हिरवी वेल पसरलेली असते. आमच्याकडचे कडवे वाल या ओलीवरच पोसतात, त्यांना वेगळं पाणी लागत नाही. दूर अवचितगडाचा डोंगर. निडी आलं!

मामंजी म्हणजे माझे सासरे. नोकरी दादरला झाली, पण १९८५ साली निवृत्त झाले आणि सासूबाईंना घेऊन निडीच्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिले. त्यांची आवडती वस्तू एकच, १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड गाडी. १९६८ मध्ये त्यांनी ती दादरच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. रंग मोरपंशी, दारं दोन, टप पक्का, पत्र्याचा. आजही ती गोठ्याच्या जागी बांधलेल्या शेडमध्ये उभी आहे आणि सुरू केली की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होते. आमच्या ह्यांनी वडिलांचं श्राद्ध एकवेळ चुकवलं असेल, पण हेरल्डचं तेल बदलायचं कधी चुकवलं नाही!

हेरल्ड ही मूळची इंग्लंडची. ट्रायम्फ कंपनीनं १९५९ मध्ये ती काढली, तिचा आकार बेतला इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती या कारागिरानं, आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं ती आपल्याकडे बांधायला घेतली. इंजिन अवघं ९४८ सीसी. त्या काळी रस्त्यावर अँबॅसेडर आणि फियाट, त्यात ही नाजूक, कोनदार गाडी उठून दिसायची. तिची दोन वैशिष्ट्यं मामंजी आल्यागेल्याला दाखवत. एक म्हणजे बॉनेट. ते पुढच्या बाजूला असं उघडतं की चाकांसकट सगळं पुढचं अंग मोकळं होतं, मिस्त्रीला चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. आणि दुसरं म्हणजे वळण. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ही गाडी पुरी फिरते. आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून दाखवत ती!

पण सगळ्या भानगडीचं मूळ आहे ते तिसऱ्या वैशिष्ट्यात. हल्लीच्या गाड्यांचा सांगाडा एकसंध असतो. पत्रा, टप, फरशी सगळं एकमेकांना वेल्डिंगनं जोडलेलं. हेरल्डचं तसं नाही. खाली बैलगाडीच्या साट्यासारखी वेगळी भक्कम चासी, आणि तिच्यावर अंगाचे भाग नटबोल्टनं आवळलेले. टप सुद्धा नटबोल्टनं बसवलेला. म्हणजे पाना घेऊन बसलं तर तो उतरवता येतो! याच चासीवर, ती लांबीला कमी करून, ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन माणसांची उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी काढली. आणि १९६६ मध्ये तिलाच पक्का, मागं उतरता टप आणि सहा सिलिंडरचं मोठं इंजिन लावून जीटी-सिक्स काढली. म्हणजे एकाच आईच्या दोन लेकी, एक मोकळ्या केसांची आणि एक डोक्यावर पदर घेतलेली.

आता आमचे धाकटे भावोजी. गेली तीस वर्षं इंग्लंडात लेस्टरला असतात. त्यांच्याकडे १९७६ सालची स्पिटफायर आहे, कापडी टपाची, लालभडक. दर रविवारी तिच्याशी झटापट चालते. त्यांनी आल्या आल्या आपल्या गाडीचे फोटो दाखवले, आणि आमच्या चिरंजीवांच्या डोळ्यांत चमक आली.

“आई, आपल्या हेरल्डचा टप काढून टाकू या. नटबोल्टच तर आहेत! काकांनी सांगितलंय, कापडी हूडचं सामान तिकडून आणता येईल. अलिबागला समुद्रावरून टप उघडा टाकून जायचं. काय मजा येईल!”

“आणि माझ्या वडिलांच्या गाडीला कात्री लावायची?” हे कडाडले.

झालं! भावोजी आणि पुतण्या एका बाजूला, हे एका बाजूला. सूनबाई बिचारी दोन्हीकडे चहा नेत होती.

मी आपली तटस्थ. पण खरं सांगू? दोघांचंही ऐकताना मलाच त्यात रस वाटू लागला. भावोजी उघड्या गाडीचं वर्णन इतकं रसाळ करतात! म्हणाले, “वहिनी, बंद गाडीतून तुम्ही गाव बघता, उघड्या गाडीतून तुम्ही गावात असता. भाजलेल्या पावाचा वास येतो, कापलेल्या गवताचा येतो, पाखरं ऐकू येतात. चाळीस मैलांचा वेग सत्तरचा वाटतो.” मग हळूच हेही कबूल करतात, की काचेच्या वरच्या कडेतून पाणी गळून मांडीवर ठिबकतं, हायवेवर शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, कोणीतरी हूडवर ब्लेड फिरवेल म्हणून गाडी कुठं लावायची याची धास्ती असते, आणि थंडीचे चार महिने ते वेगळा पोलादी टप आणून वर बसवतात. तो उचलायला दोन माणसं लागतात, म्हणजे भावोजी आणि जाऊबाई!

मी विचारलं, “का हो भावोजी, इंग्लंडात तर सदा पाऊस. मग तिथल्या लोकांना उघड्या गाड्यांचं एवढं वेड का?”

ते हसले. म्हणाले, “म्हणूनच! वर्षात जे थोडे दिवस ऊन पडतं, ते वाया जाऊ नये म्हणून.”

आणि आकडे पाहिले तर ते खरंच आहे. स्पिटफायर १९८० पर्यंत सुमारे ३ लाख १४ हजार खपल्या, आणि पक्क्या टपाच्या जीटी-सिक्स १९७३ पर्यंत जेमतेम ४१ हजार. एम.जी. कंपनीची प्रसिद्ध एमजीबी गाडी १९६२ मध्ये उघड्या टपाची आली. १९६५ मध्ये तिला इटलीच्या पिनिनफरिना यांनी सुरेख पक्का टप बेतून दिला, मागं सामानाला आणि लहान मुलांना जागा झाली. तरीही उघड्या पावणेचार लाखांच्या वर खपल्या आणि बंद सव्वा लाख. ज्यांच्याकडे ऊन कमी, ते उन्हासाठी टप काढतात. आपल्याकडे उन्हाला काय तोटा? आपण सावली शोधतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेल्या दिवसांत रणरणतं ऊन. इथं टप काढायचा म्हणजे चुलीपुढं बसून शेकोटी पेटवण्यासारखं!

शिवाय ताकदीचा प्रश्न आहे तो वेगळाच. मिठाईचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. झाकण बंद असताना ते पिळून पाहा, हलत नाही. झाकण काढून पिळा, वेडंवाकडं होतं. गाडीचंही तसंच. टप काढला की ताठपणा कमी होतो, खड्ड्यातून जाताना पुढची काच आणि दारं थरथरू लागतात. म्हणून उघड्या गाड्यांना खालच्या अंगाला जास्तीचा आधार देतात. हेरल्डला वेगळी चासी आहे म्हणून तिचं एकवेळ निभावतं, पण दारांच्या खांबांना बळकटी द्यावीच लागते. आणि आमचा मुंबई-गोवा हायवे तुम्हांला माहीत आहेच. २०११ पासून त्याचं रुंदीकरण चाललं आहे, त्यातले खड्डे खाऊन कितीतरी नव्या गाड्या खिळखिळ्या झाल्या, तिथं साठी गाठलेल्या हेरल्डची काय कथा!

गाडी उलटली तर काय, ही भीतीही जुनीच. १९७०च्या सुमाराला अमेरिकेत अशी हवा होती, की गाडी उलटल्यावर आतल्या माणसांचा बचाव व्हावा म्हणून उघड्या गाड्यांवर बंदीच येणार. त्या भीतीनं ट्रायम्फनं १९७५ मध्ये टीआर-सेव्हन ही गाडी फक्त पक्क्या टपाची काढली. बंदी काही आली नाही, आणि १९७९ मध्ये तिची कापडी टपाची आवृत्ती निघाली. म्हणजे टपाचा वाद काही आमच्या ओटीवरच झालेला नाही, मोठमोठ्या कंपन्यांतही झालेला आहे.

आणि बायकांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका. १४ सप्टेंबर १९२७ च्या रात्री फ्रान्समधल्या नीस शहरात ती उघड्या मोटारीतून निघाली. गळ्यातला लांबलचक रेशमी रुमाल वाऱ्यावर उडाला, मागच्या चाकात अडकला आणि क्षणात तिचा प्राण गेला. हे मी सांगितलं तेव्हा सूनबाईनं नकळत आपली ओढणी गुंडाळून मांडीवर घेतली. साडीचा पदर आणि उघडी गाडी यांचं जमत नाही हे उघड आहे. स्कूटरवर मागं बसताना आपण पदर खोचतो तो याच कारणानं.

तरी चिरंजीव ऐकेनात. मग ह्यांनी कायद्याची बाजू काढली. जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरवली गेली आणि नोंदणी दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांसाठी चालते. मात्र अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. आणि एरवीच्या नोंदणीतही कंपनीनं बनवलेल्या मूळ बांधणीत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी आहेच.

“म्हणजे आज टप काढलास, तर उद्या तुझ्या पोराला ती आजोबांची गाडी म्हणून रॅलीत नेता येणार नाही,” हे म्हणाले.

चिरंजीव जरा नरमले. पण भावोजी म्हणाले, “दादा, कायदा राहू दे. गाडी शेडमध्ये ठेवून पूजा करायला असते का? चार दिवस हौस केली तर काय बिघडलं? त्या टपात असं आहे तरी काय?”

इतका वेळ सासूबाई ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

“काय आहे? तू विसरलास?” त्या म्हणाल्या. “तू तर पुढच्या सीटवर होतास.”

आणि मग आम्ही सगळेच गप्प झालो. कारण ती रात्र आम्हां चौघांनाही आठवली.

जुलै १९८९. चिरंजीव तेव्हा सात महिन्यांचे. सासूबाई नातवासाठी दादरला आल्या होत्या. निडीहून निरोप आला की मामंजींना ताप उतरत नाही. पाऊस धो धो, तरी दुपारी हेरल्ड काढली. हे चालवायला, शेजारी भावोजी, तेव्हा कॉलेजात होते, आणि मागं सासूबाई, मी आणि बाळ. नागोठण्याहून भिसे खिंडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता. खिंड उतरलो तर समोर ओढा रस्त्यावरून वाहत होता, रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळेना. माघारी वळलो, तर मगाशी सहज ओलांडलेल्या मोरीवरून आता कमरेइतकं पाणी. दोन पाण्यांच्या मधे, उंचवट्यावर ह्यांनी गाडी उभी केली. दिवे विझवले, बॅटरी राहावी म्हणून.

थोड्या वेळानं काचेवर थाप पडली. एक कातकरी जोडपं, बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. त्यांची झोपडी ओढ्याकाठी होती. सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “घे आत,” म्हणाल्या. एवढ्याशा गाडीत आम्ही पाच मोठी माणसं नि दोन पोरं होतो. पाचावा मोठा तो बाईचा नवरा होता, कारण भावोजी त्याला जागा देऊन तासाभरासाठी बाहेर उभे राहिले होते. मग दोघं आळीपाळीनं भिजले. रात्रभर टपावर असा मारा चालला होता, की गोफणीतून कोणी खडे मारतंय. मागच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं, पण डोक्यावर थेंब आला नाही. त्या बाईनं आपल्या पोराला पाजलं आणि मग माझं बाळ रडायचं थांबेना तेव्हा त्याला मांडीवर घेऊन थोपटलं. पहाटे पाऊस थोडा उणावला. मग कळलं की त्याच पावसात अंबा नदीला कधी नव्हे तो पूर आला, नागोठण्यात पाणी शिरलं आणि वर जांभूळपाड्याला तर हाहाकार झाला, कितीतरी माणसं वाहून गेली.

“त्या रात्री वर कापड असतं तर?” सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

चिरंजीवांना ही गोष्ट ऐकून माहीत होती, पण त्यांच्या लेखी ती नुसती गोष्ट होती. ते उठून शेडमध्ये गेले. मी मागून गेले तर टपावर हात ठेवून उभे होते. “आई, राहू दे गं टप,” म्हणाले.

वाद संपला असं आम्हांला वाटलं. हे तर अगदी विजयी मुद्रेनं मिशांवर हात फिरवत होते. पण सासूबाईंचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

“टप राहू दे. पण माझंही एक ऐका,” त्या म्हणाल्या. “ही गाडी घरात आल्याला सत्तावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी पुढं एकदाही बसले नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मैत्रिणींनो, खरंच की हो! दोन दारांची गाडी. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून, पदर सावरत आत शिरायचं. पुढं मामंजी आणि शेजारी कुणीतरी पुरुषमाणूस, दीर, पाहुणे, नाहीतर मुलगा. मागं बायका, पोरं, पोह्यांचं पोतं आणि फणस. मागच्या काचा पुरत्या खाली होत नाहीत. पुढचा माणूस उतरल्याखेरीज आपल्याला उतरता येत नाही. वाटेत कुठं थांबायचं असलं तरी त्यांनी थांबवली तर थांबायचं. मीही लग्नानंतर किती वर्षं अशीच मागं बसत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंही नव्हतं.

“उघड्या गाडीचं कौतुक मला नका सांगू,” सासूबाई म्हणाल्या. “लग्न होऊन या घरी आले ती उघड्या बैलगाडीतूनच आले. चांगली धूळ खाल्ली! पण पुढून रस्ता कसा दिसतो ते बघायचं राहिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरल्ड धुऊन पुसून अंगणात आणली. सासूबाईंना हात देऊन पुढं बसवलं. गुडघे दुखतात, पण बसल्या. भावोजी, लेस्टरच्या स्पिटफायरचे मालक, सीट वाकवून, अंग चोरून मागं शिरले, आणि त्यांच्या शेजारी मी. चालवायला चिरंजीव. हे म्हणाले, “मी येतो मागून रिक्षानं!” अशी आमची वरात रोह्याला धावीर महाराजांच्या दर्शनाला निघाली.

सासूबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर काच पुरती खाली केली. पदर नीट खोचला आणि कोपर बाहेर काढून बसल्या, थेट मामंजींसारख्या! वालाच्या वेली, बांधावरचे बगळे, अवचितगडाच्या डोंगरावर तरंगणारं धुकं. प्रत्येक वळणाला त्या मान किंचित पुढं काढत. कुंडलिकेच्या पुलावर चिरंजीवांनी वेग कमी केला. रोहे दिसू लागलं, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ज्या गावात लहानाचे मोठे झाले ते रोहे. सासूबाई हळूच म्हणाल्या, “असा दिसतो होय रस्ता! मला आजवर नुसत्या ह्यांच्या मानेमागच्या पट्ट्या ठाऊक.”

मागं बसलेले भावोजी काहीच बोलले नाहीत. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “वहिनी, इतकी वर्षं तुम्ही सगळ्याजणी अशा बसत होता?” मी म्हटलं, “आणि वर मांडीवर पोर!”

संध्याकाळी पोपटी लागली. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, पुन्हा वर पाला दाबून मडकं उपडं, आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला की चर्र आवाज आला म्हणजे पोपटी झाली. या वेळी दोघं भाऊ एकाच पाटावर बसून शेंगा सोलत होते.

आता दोन शब्द कामाचे. कुणाच्या घरी जुनी गाडी असेल, मग ती पक्क्या टपाची असो की कापडी, तर भावोजी आणि हे या दोघांच्या अनुभवातून मी टिपून घेतलेल्या या गोष्टी उपयोगी पडतील.

कापडी किंवा रेक्झिनचा टप ओला असताना कधीही घडी घालू नये, बुरशी धरते आणि घडीवर चिरतो. आधी उघडा ठेवून खडखडीत वाळवावा. गाडी उभी असताना टप चढवलेलाच असावा, नाहीतर तो आकसतो आणि मग बटणं लागत नाहीत.

मागची प्लॅस्टिकची काच घडीत दुमडताना मध्ये जुन्या फलाणीचा तुकडा ठेवावा, चरे पडत नाहीत. टप धुवायला कपड्यांची पावडर वापरू नये. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी पुरे.

पक्क्या टपाच्या गाडीला गंज लागतो तो पन्हळीत आणि दारांच्या तळाशी. पन्हळीतला पाला काढावा, आणि दारांखालची पाणी जायची भोकं पावसाळ्याआधी काडीनं मोकळी करावीत.

गाडीवर प्लॅस्टिकचा कागद टाकू नये, आत घाम धरतो. सुती आच्छादन घालावं. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना ते पाहावं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवावी आणि टोकांना पेट्रोलियम जेली लावावी.

हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यानं लवकर खराब होतात. ते दर वर्षी तपासून घ्यावेत आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.

आणि शेवटची सूचना पुरुषांनी टप, इंजिन, चासी यांवर कितीही वाद घातला तरी आपण विसरायची नाही. गाडीत कोण कुठं बसतं, ते एकदा नीट पाहा.

परतीची लोकल निडीला दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही. धावतपळत चढलो, खिडकी मिळाली. भावोजी लेस्टरला पोचल्यावर त्यांचा फोन आला. म्हणाले, “वहिनी, स्पिटफायरवर हिवाळ्याचा पोलादी टप बसवला. आणि हो, चालवायला आता हिला दिली, मी शेजारी बसतो. अजून घाबरतो, पण बसतो!”

निडीच्या शेडमध्ये हेरल्ड उभी आहे, टपासकट. सासूबाईंनी ठरवून टाकलंय, पुढच्या खेपेला कोलाडपर्यंत जायचं. आणि सीट त्यांची, पुढची!